एका ‘त’चं देणं

‘अमृततुल्य’ या शब्दात दोन ‘त’ आहेत. अमृत आणि तुल्य, अमृताच्या तोडीचं. बोलताना पहिला ‘त’ दुसऱ्यात मिसळतो, कानाला एकच जोरकस ‘त’ लागतो, आणि पाटी रंगवणारा जे ऐकतो तेच रंगवतो. म्हणून पुण्यात चहाच्या कितीतरी दुकानांवर ‘अमृतुल्य’ असं लिहिलेलं दिसतं. त्यानं चहा बिघडत नाही. पण माझं आयुष्य अशाच एका गळालेल्या ‘त’मुळे मार्गी लागलं, आणि ज्यांच्यामुळे लागलं त्यांच्याबद्दल मी आजवर एक ओळ लिहिली नाही. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या ओळी तपासण्यात गेली. ही ओळ राहून गेली होती.

१९८१ च्या जूनमध्ये मी करमाळा तालुक्यातल्या आमच्या गावाहून पुण्याला आलो. बहात्तरच्या दुष्काळात मी दहा वर्षांचा होतो. आई-वडील खडी फोडायला जात, ते मला नीट आठवतं. त्यानंतर शेतीवर घराचा भरवसा राहिला नाही आणि ‘शिक, बाहेर पड’ एवढंच कानावर पडत राहिलं. बारावीनंतर एस. पी. कॉलेजात नाव घातलं आणि सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात कॉट घेतली. ‘कॉट बेसिस’ हा शब्द पुण्यात शिकायला आलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतो. खोली आपली नसते. खाट आपली, खाटेखालची ट्रंक आपली, भिंतीवरचा एक खिळा आपला. आमच्या खोलीत सहा खाटा होत्या. सकाळी सातला बाहेर पडायचं आणि रात्री आठनंतर यायचं, हा नियम. दिवसा खोलीत कुणी दिसलं तर मालकीणबाई जिन्याखालून हाक मारत. त्यांचंही खोटं नव्हतं. सहा मुलांचं दिवसभराचं दिवा-पाणी त्यांना परवडलं नसतं.

म्हणजे या शहरात मला झोपायला जागा होती, बसायला नव्हती. कॉलेज दुपारी सुटायचं. मग सारसबाग, मग पर्वतीच्या पायऱ्या, मग लक्ष्मी रस्त्यावरचं पुणे नगर वाचन मंदिर. १८४८ साली सुरू झालेल्या त्या वाचनालयात मी इतकी वर्तमानपत्रं वाचली की जाहिरातीसुद्धा पाठ झाल्या. डेक्कनला गुडलक होतं, १९३५ पासूनचं. पण इराण्याकडे जाऊन खुर्ची अडवायची तर बन मस्का मागवावा लागे, आणि तेवढी खिशाची ताकद नव्हती. पाऊस लागला की पंचाईत व्हायची. बागेतली बाकं ओली, पायऱ्या ओल्या.

अशाच एका पावसात मी बाजीराव रस्त्यावरच्या एका अमृततुल्य दुकानाच्या पडवीला उभा राहिलो. दुकानाचं नाव एका देवीवरून ठेवलेलं होतं. आत तीन बाकं, भिंतीला लागून एक अरुंद फळी, आणि दाराशीच कमरेएवढ्या उंचीचा ओटा. ओट्यावर मांडी घालून दुकानाचे मालक, काका, बसलेले. पांढरं धोतर, वर गंजीफ्रॉक, कपाळावर गंध. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “आत ये. बाहेर उभं राहून पाऊस थांबत नसतो.”

पुण्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. अमृततुल्य ही पुण्याची चीज खरी, पण ती घडवली राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मणांनी. जालोर जिल्ह्यातलं भीनमाळ म्हणजेच जुनं श्रीमाळ. त्यावरून ते श्रीमाळी. दवे, ओझा अशी आडनावं. कोरडवाहू मुलुखातून ही माणसं पुण्यात आली आणि पेठांच्या नाक्यानाक्यांवर चहा उकळू लागली. सोन्या मारुती चौकाजवळचं आद्य अमृततुल्य १९२४ सालचं. पुढे एका दुकानात तयार झालेला भाचा किंवा पुतण्या दुसरं दुकान घालत गेला. दुकानांना बहुतेक देवादिकांची नावं, आणि भांडी पितळेची, रोज चिंच लावून घासलेली. आमचे काकाही बाराव्या वर्षी मामाच्या दुकानात बशा विसळायला आले होते. १९५१ मध्ये त्यांनी हे स्वतःचं दुकान घेतलं. दुष्काळ त्यांनीही पाहिलेला होता. मी करमाळ्याकडचा, एवढं सांगितल्यावर त्यांनी पुढचं काही विचारलं नाही.

त्यांचा चहा करण्याचा क्रम मी इतक्या वेळा पाहिलाय की आजही डोळे मिटून सांगेन. पातेल्यात आधी दूध आणि पाणी, मग साखर. शेजारी पितळी खलबत्त्यात आलं आणि वेलची. वेलची सालासकट. तीन ठोके जोरात, एक हलका, पुन्हा तीन. रस्त्यावरच्या बसगाड्यांच्या आवाजातसुद्धा तो ठोका ऐकू यायचा, आणि जवळच्या दुकानांतली पोरं त्यावरून नवं आधण चढल्याचं ओळखायची. उकळी फुटली की पत्ती. मग काका ओगराळं पातेल्यात बुडवून हातभर वर न्यायचे आणि चहाची धार परत पातेल्यात सोडायचे. पुन्हा पुन्हा, रंग मनासारखा येईपर्यंत. शेवटी फडक्यातून गाळून ते फडकं चिमट्यात धरून पिळायचे. एवढ्या गरम फडक्याला त्यांचा हात कसा लागायचा हे मला कधी कळलं नाही. बोटांची टोकं त्यांची कायम तपकिरी असायची. किटलीतून कपात ओतताना बशीत एक थेंब सांडला तर तो कप बाजूला ठेवून दुसरा भरायचे.

मी कप संपवून उठायला लागलो तेव्हा ते म्हणाले, “बस की. जागा काय मी उचलून घरी नेणार आहे?”

दुसऱ्या दिवसापासून मी तिथे बसू लागलो. कोपऱ्यातल्या बाकाच्या टोकाला, दिव्याखाली. एक चहा दुपारी तीनला, एक सहाला, आणि मधले तीन तास पुस्तक. गर्दी झाली की उठून मी कप गोळा करायला लागायचो. तेव्हा काका रागवायचे. “तू गिऱ्हाईक आहेस. पोऱ्या वेगळा आहे. त्याचं काम घेऊ नको.” आज याचा अर्थ कळतो. फुकट बसायला देऊन त्यांनी मला मिंधं केलं नाही, आणि कामाला लावून नोकरही केलं नाही. गिऱ्हाईक म्हणून माझी पत राखली. माझ्या नावाचं एक पान त्यांच्या लाल वहीत होतं. दर महिन्याला घरून मनिऑर्डर आली की मी ते पान चुकतं करायचो. पैसे ते मोजून घ्यायचे, एक नाणंही सोडायचे नाहीत. वही मारवाडी वळणाच्या अक्षरांत होती. मला त्यातलं एकही अक्षर लागायचं नाही, आणि तरी तिच्यात कधी चूक निघाली नाही.

त्या तीन बाकांवर कोण येत नसे! अप्पा बळवंत चौकातले पुस्तकविक्रेते, भरत नाट्य मंदिरात तालमी करणारी मंडळी, तुळशीबागेतले हातगाडीवाले, वकिलांचे कारकून, छापखान्यांतले जुळारी. एकमेकांच्या घरी यांतलं कुणी कुणाकडे गेलं नसतं. इथे मात्र गुडघ्याला गुडघा लावून बसत. कुणाला भाड्याची खोली हवी असे, कुणाच्या मुलीसाठी स्थळ, कुणाला रक्तदाता. काका चहा ढवळता ढवळता सगळं ऐकत आणि तासा-दोन तासांनी योग्य माणूस दारात आला की एवढंच म्हणत, “ते बघा, तुमचं काम आलं.” १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुराची गोष्ट तिथे दर जुलैत निघायची. पाणी पेठांत शिरलं त्या दिवशी दूध कुठून येणार? काकांनी दोन दिवस नुसता काळा चहा उकळून, भिजून आलेल्यांना दिला होता. ही गोष्ट इतर लोक सांगायचे. काका त्या वेळी खलबत्ता जास्त जोरात वाजवायचे.

आता तो ‘त’.

१९८२ चा ऑगस्ट असावा. कॉलेजचं दुसरं वर्ष सुरू झालं होतं आणि घरून पैसे येणं जवळजवळ थांबलं होतं. मी गावी परत जाण्याचा विचार करत होतो. त्या दुपारी बाकावर बसून समोर बघत होतो, आणि दाराच्या काचेत पाटी उलटी दिसली. पिवळ्या पत्र्यावर लाल अक्षरं. उलटी असल्यामुळे सवयीनं वाचता येईना, म्हणून एकेक अक्षर लावत गेलो. ल्य, तु, मृ, अ. एक अक्षर कमी होतं. मी बाहेर जाऊन सुलटी वाचली. तरी कमीच.

आणि एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाला पोच नसते. पाच-सहा गिऱ्हाइकं बसलेली असताना मी म्हणालो, “काका, तुमच्या पाटीवर एक ‘त’ कमी आहे.”

ओगराळं थांबलं. कुणीतरी हसलं. ज्या माणसानं मला वर्षभर दिव्याखाली बसू दिलं, त्याला मी त्याच्याच दुकानात, त्याच्याच गिऱ्हाइकांसमोर चूक दाखवली होती. कानशिलं तापली. काकांनी हातातला चहा पुरा गाळला, कप भरले, फडकं पिळलं, आणि मग मला ओट्याजवळ बोलावलं. बिलाच्या चिठोऱ्याची मागची बाजू पुढे केली. “लिहून दाखव.” मी लिहिलं. त्यांनी ते बराच वेळ पाहिलं. मराठी ते पाट्या वाचून शिकले होते, शाळेत नाही. “नक्की?” म्हणाले. मी म्हणालो, “नक्की.”

बाकावर एक निवृत्त संस्कृत शिक्षक रोज चारला येत. काकांनी चिठोरा त्यांच्याकडे दिला. सरांनी चष्मा वर केला. “अमृत अधिक तुल्य. इथे संधी होऊन काही लोप पावत नाही. मुलाचं बरोबर आहे,” म्हणाले, आणि बशीतला चहा पिऊ लागले.

काकांनी मान डोलावली. त्या दिवशी ते आणखी काही बोलले नाहीत. दोन दिवस मी तिकडे फिरकलो नाही. तिसऱ्या दिवशी गेलो तर शिडी लावून पेंटर चढलेला. अख्खी पाटी नव्यानं रंगवायची तर बराच खर्च होता. काकांनी त्याला मधे जागा करायला सांगितलं होतं. ‘मृ’ आणि ‘तु’ यांच्या फटीत त्यानं एक बारीक, उंच ‘त’ बसवला. इतर अक्षरं धष्टपुष्ट आणि हा एकटा अंग चोरून उभा. पण होता.

त्याच संध्याकाळी सदाशिव पेठेतल्या एका छापखान्याचे मालक नेहमीसारखे आले. दिवाळी अंकांचे दिवस तोंडावर होते. १९०९ साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी छापखान्यांना गणपती ते दिवाळी हे दिवस झोपेचे नसतात. काकांनी त्यांना कप दिला आणि माझ्याकडे हात केला. शब्द मला जसेच्या तसे आठवतात. “एकतीस वर्षं ही पाटी माझ्या डोक्यावर आहे. शिकलेली माणसं खालून गेली. बोलला हा एकटा. तुमच्याकडे याच्याजोगतं काम असेल तर बघा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी छापखान्यात होतो. माझं मुद्रितशोधन तिथे सुरू झालं ते आजतागायत. गॅलीवरून काढलेलं ओलसर प्रूफ, शाईचा आणि रॉकेलचा वास, ट्रेडल मशीनची धडधड. जुळारी केसमधून न बघता खिळे उचलत आणि मला शिकवत: वाक्य वाचू नकोस, वाक्य वाचलंस की अर्थ तुला ओढून नेईल आणि चूक मागे राहील, अक्षर वाच. काचेतल्या उलट्या पाटीनं मला हेच शिकवलं होतं. वाळंबे यांचं व्याकरण मी तिथेच पाठ केलं. साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा नियम आणि १९७२ चे चार, असे अठराही पाठ केले. फी भरली, बी.ए. झालो, धाकट्या भावाला पुण्यात आणलं. छापखान्यात रात्रपाळी असली की दहाच्या सुमाराला काकांचा पोऱ्या किटली घेऊन यायचा आणि दारातूनच ओरडायचा, “मास्तर, चहा!” हे ‘मास्तर’ काकांनीच लावलेलं. पुढे सगळ्या पेठेनं उचललं.

२०१८ मध्ये मी मुलीकडे इंग्लंडला गेलो होतो. ती डर्बीशरमधल्या एका खेड्यात राहते. गावातून जाणाऱ्या हमरस्त्यावर एक जुना पब आहे. जावई मला तिथे घेऊन गेले. मी दारू घेत नाही. लिंबाचं सरबत घेऊन शेकोटीजवळच्या बाकावर बसलो. पाच मिनिटांत मला ओळख पटली. लाकडी फळीमागे उभा असलेला मालक येणाऱ्या प्रत्येकाला नावानं हाक मारत होता. एक म्हातारे गृहस्थ कोपऱ्यात कुत्र्याला पायाशी घेऊन तासभर एकाच ग्लासावर बसले होते आणि कुणी त्यांना उठवत नव्हतं. दोन शेतकरी ट्रॅक्टर विकण्याबद्दल बोलत होते, आणि मालकानं तिसऱ्या टेबलावरच्या माणसाकडे बोट दाखवलं. ते बघा, तुमचं काम आलं. शब्द इंग्रजी होते, एवढंच.

बाहेर पडताना मी वर पाहिलं. खांबाला पाटी टांगलेली होती आणि तिच्यावर नांगराचं चित्र होतं. जावयांनी सांगितलं की १३९३ साली दुसऱ्या रिचर्ड राजानं कायद्यानं अशा पाट्या सक्तीच्या केल्या. लोकांना वाचता येत नसे म्हणून चित्रं. शिवाय गिऱ्हाइकांची उधारी तिथे पूर्वी दगडी पाटीवर खडूनं मांडत. दाराबाहेर एक पाटी आणि दाराआड दुसरी! मी त्या थंडीत नांगराकडे बघत उभा राहिलो आणि मला बाजीराव रस्त्यावरचा तो अंग चोरलेला ‘त’ दिसला. मुलीनं विचारलं, “बाबा, काय झालं?” तिला मी ही गोष्ट पहिल्यांदा तिथे सांगितली. परत आल्यावर लिहीन म्हणालो होतो. त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

काका १९९९ मध्ये गेले. शेवटची दोन वर्षं ते ओट्यावर बसत नसत; आतल्या बाकावर, माझ्या जुन्या जागी, दिव्याखाली बसत आणि मुलाच्या हाताकडे लक्ष ठेवत. मी तेव्हा एका प्रकाशनसंस्थेत होतो, बरं चाललं होतं. एका दिवाळीला मी त्यांच्यासाठी धोतरजोडी आणि एका पाकिटात थोडी रक्कम घेऊन गेलो. धोतर त्यांनी घेतलं, कपाळाला लावलं. पाकीट परत दिलं. “तुझं पान तर कोरं आहे,” म्हणाले आणि खरोखरच मुलाला लाल वही काढायला लावली, माझ्या नावाचं पान उघडून दाखवलं. शेवटच्या आकड्याखाली आडवी रेघ होती. त्यांच्या हिशेबानं माझ्याकडून काही येणं नव्हतं. माझ्या हिशेबात ती रेघ आजही ओढता आलेली नाही. तीन बाकांची पुंजी असलेल्या माणसानं आपली चूक काढणाऱ्याबद्दल दोन चांगले शब्द टाकले, त्याचं व्याज कसं काढतात हे मला कोणी शिकवलेलं नाही.

आता पुण्यात चौकाचौकात चहाची नवी दुकानं झाली आहेत. उभ्यानं घ्यायचा, कागदी कप टाकायचा आणि निघायचं. चहा वाईट नसतो. बाक नसतं. गावाहून आलेला, दिवसा खोलीबाहेर काढलेला मुलगा आजही या शहरात आहे. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांचं ओझं पाठीवर घेऊन पेठांतून फिरताना तो मला रोज दिसतो. त्यानं बसायचं कुठे, हा प्रश्न मला खरोखर छळतो. अभ्यासिका आहेत, पण तिथे बोलायचं नसतं, आणि न बोलता कुणाला कुणाचं काम सापडत नाही.

काकांचं दुकान होतं तो वाडा पडला, तिथे इमारत झाली. तळमजल्यावर गाळा मिळाला तो नातू चालवतो. त्यानं ओटा केला आहे आणि दोन बाकंही ठेवली आहेत. जागा तेवढीच आहे. गेल्या दसऱ्याआधी त्याचा फोन आला. “मास्तरकाका, नवी पाटी करायला टाकतोय. मजकूर पाठवलाय, एकदा डोळ्यांखालून घाला. आजोबांनी सांगून ठेवलं होतं, तुम्हाला दाखवल्याशिवाय करायची नाही.”

मी मजकूर कागदावर छापून घेतला. शेवटून सुरुवातीकडे, एकेक अक्षर लावत तपासला. दोन्ही ‘त’ जागेवर होते, एका मापाचे. खाली ‘छापण्यास हरकत नाही’ असं लिहिलं, तारीख घातली, सही केली आणि कागद स्वतः नेऊन दिला. नातवानं चहा केला. वेलची सालासकट, तीन ठोके आणि एक हलका. मी कप संपवला. पैसे त्यानं मोजून घेतले.